दुसरी प्रत कुठाय?

दहावीचा निकाल घेऊन गेलं की लोक पेढा तोंडात टाकतात, टक्के विचारतात, पाठ थोपटतात. आमच्या अंबरनाथच्या चाळीतले काका यातलं काहीच करत नसत. ते मार्कशीट हातात घेत, उलटी करून तिची मागची कोरी बाजू बघत आणि विचारत, "दुसरी कुठाय?"

दुसरी म्हणजे दुसरी प्रत. ती काढलेली नसेल तर पेढा ताटलीत तसाच राही. मुलीला बोर्डात नंबर मिळाला असता तरी त्यांनी हेच विचारलं असतं. तुमच्याही चाळीत असा एखादा आनंदावर विरजण घालणारा माणूस असेलच. आम्ही पोरं त्यांना पाठीमागून फार हसायचो.

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. बाहेर जाणाऱ्या मालाला पाणी लागू द्यायचं नाही ही त्यांची नोकरी, आणि ती घरी आल्यावरही सुटत नसे. निकाल लागले की पुढचा रविवार त्यांचा. आम्ही दाखल्यांच्या आणि मार्कशीटच्या झेरॉक्स काढून, त्यांवर शाळेचा शिक्का घेऊन त्यांच्या ओट्यावर जमायचं. काका त्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सारत, पिशवीची कड हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, दोन पात्यांमध्ये दाबत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन फिरवत. कड वितळून बंद होई. मग पाकीट बादलीत बुडवायचं. एक जरी बुडबुडा आला तरी पुन्हा पहिल्यापासून. बोटं भाजली की शिवी मेणबत्तीला बसे.

पिशव्या उल्हासनगरच्या साड्यांच्या दुकानातून येत. तिथला सिंधी शेठ वैतागून म्हणे, "साईं, कभी साडी भी ले जाओ! हर बार खाली थैली?" काकी हे आम्हाला सांगत आणि वर म्हणत, "त्या शेठचं बरोबर आहे. माझ्याच वतीनं बोलतो तो."

पण खरी गंमत पुढेच होती. ते पाकीट स्वतःच्या घरात ठेवायचं नाही असा काकांचा दंडक होता. "आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जातील. आपलं दुसऱ्याकडं, दुसऱ्याचं आपल्याकडं." आणि कोणाचं कोणाकडे हे काकाच ठरवत. माझं पाकीट त्यांनी दिलं पलीकडच्या वहिनींकडे, आणि त्यांच्या नंदूचं आमच्याकडे.

आता ह्या वहिनींचं आणि माझ्या आईचं नळावरच्या हंड्यांवरून बोलणं बंद होतं. साधं बंद नाही, कडकडीत बंद. वहिनी इथल्याच, बारवी धरणाकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचा आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. आईही काही कमी नव्हती. आई काकांवर उखडली, "अख्ख्या चाळीत तुम्हाला तेच घर सापडलं?"

"मुद्दाम दिलंय," काका म्हणाले. "मैतरणीकडं दिलं तर ती विसरंल. भांडणारी जपून ठेवती. उद्या हरवलं म्हणून तू चाळभर बोंब मारशील ना, त्याचं भ्या असतंय तिला."

आई दोन दिवस धुसफुसत होती. पण नंदूचं पाकीट तिने आमच्या ट्रंकेच्या तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलं.

बारावीनंतर डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं. आमच्या घरात तोवर शिक्षक सोडा, शिपाईसुद्धा झालेला नव्हता. मंगळवारी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. त्याआधीच्या रविवारी आतेबहिणीचं लग्न होतं, कल्याणच्या बुद्धविहारात. आम्ही निघालो तेव्हा घरातल्या मोरीच्या नळाला पाणी नव्हतं. आता पाणी नसताना नळ उघडा आहे की बंद, हे कोणाला कळतं? तो उघडा होता. उघडा कोणी ठेवला यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. मोरीच्या भोकावरच धुण्याची बादली होती, तिनं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी आलो तर उंबऱ्याखालून ओघळ. आत घोटाभर पाणी आणि ट्रंक त्यात बसलेली. माझे मूळ कागद त्याच ट्रंकेत होते. मार्कशीटचा लगदा झाला होता. शाळा सोडल्याचा दाखला शाईनं हातानं लिहिलेला. वडिलांनी तो घाईघाईनं उशीवर पसरून त्यावर इस्त्री फिरवली. कागद वाळला, पण माझं नाव कागदावरून उठून उशीच्या अभ्र्यावर आलं. जातीचा दाखला त्याहून वाईट. त्याच्यासाठी वडील वर्षभर गावच्या कचेरीत खेटे घालत होते. ते ओल्या गादीवरच बसले. मी रडत नव्हते. मला रडूच येईना, इतकी मी घाबरले होते.

तेवढ्यात काका दारात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सगळीकडे एकदा बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "दुसरी कुठाय?"

दुसरी कुठाय हे आईला पक्कं माहीत होतं.

"मग जा," काका म्हणाले. "मी नाही जायचा. ठेव ज्याची त्यानंच मागायची."

आई उठली, पण दाराकडे न जाता ट्रंकेकडे गेली. भिजलेल्या शालूखाली हात घालून तिनं नंदूचं पाकीट काढलं, पदरानं पुसलं, उजेडात धरून बघितलं. आमच्या घरात तेवढीच एक वस्तू कोरडी होती. ते घेऊन ती वहिनींच्या दारात गेली. मी तिच्या मागे.

"तुमच्या नंदूचं कोरडं आहे," आई म्हणाली. "घोर नको तुम्हाला."

वहिनींनी पाकिटाकडे बघितलं, आईच्या ओल्या लुगड्याकडे बघितलं, आणि आत गेल्या. देव्हाऱ्याखालच्या फळीवरचा डबा काढून त्यातलं माझं पाकीट आईच्या हातावर ठेवलं. त्याला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं. ते बघून आईचे डोळे भरले.

"देवाबरोबर ह्यालापण दिवाळीला पुसते," त्या म्हणाल्या. "रडतंस कशाला गो? पोर शिकंल तुझी." आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून, तो आवाज लावून, "नंद्या, पोतेरं घे नं त्यांच्याकडं चल!"

मी तिथं रडले. पोटभर रडले आणि फार बरं वाटलं.

मंगळवारी कॉलेजातल्या क्लार्कनं प्रती उलटसुलट केल्या, पाकिटावरचा हळदीकुंकवाचा डाग नखानं खरवडून बघितला आणि म्हणाला, "नंबर, तारखा सगळं आहे ना? मग मूळ कचेरीतून डुप्लिकेट प्रत निघते. लिहून द्या, मुदत देतो." इतकंच. वडिलांनी बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायले.

त्यानंतर एकदा मी काकांना विचारलंच, तुमचं असं काय हरवलं होतं? ते हसले. "माझं काय हरवणार? चौथीत शाळा सोडली, तर दाखला मागायलासुद्धा कोण गेलं नाही. तुमच्याकडं आहे हरवण्यासारखं, म्हणून बोंबलतो."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी बदलापुरात कात्रपला शाळेत शिकवते, आणि निकालाच्या दिवशी पोरांना काय विचारते ते सांगायला नको. रिटायर झाल्यावर काका मुलाकडे, इथंच बदलापूरला राहायला आले होते. डी.एड.चा निकाल घेऊन मी तिथं गेले, तेव्हा त्यांची नजर पार अधू झाली होती. मार्कशीट हातात घेतली, सवयीनं उलटी केली, कागदावरून अंगठा फिरवला.

"दुसरी कुठाय?"

"वहिनींकडे," मी म्हटलं. "सील करून. बादलीत बुडवून बघितलं."

"बुडबुडा?"

"एकपण नाही."

त्यांनी मार्कशीट सुलटी करून माझ्या हातात दिली, खुर्चीत मागे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "आता वाच बघू. किती पडले?"