जपून ठेवलेला पंप

शहराची पाइपलाइन काटोल रोडवरच्या आमच्या लेआउटपर्यंत, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीपर्यंत, अजून आलेली नाही. आमची विहीर, आमची टाकी आणि ते चालवणारी रहिवाशांची समिती. मीही समितीत होतो. दुसरा पंप असावा म्हणून तिने मला खरेदीला पाठवलं. दुकानदाराशी असा भांडलो, की त्याने वर स्टार्टरही दिला. तरी कुजबुज झालीच, भाऊने कमिशन खाल्लं असेल. फुटपाथवर कपडे विकत वर आलेला माणूस फुकट राबेल, हे लोकांना पटत नाही.

पंप बसला, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनाच सुरू.

"काहून?" मी अध्यक्षांना विचारलं.

"जुना चालून राहिला ना, भाऊ. नवीन जपून ठेवू."

"पंप आहे का पैठणी, कपाटात ठेवायले?"

ते हसले. मी चिडून समिती सोडली. दर दसऱ्याला नव्या पंपाला झेंडूचा हार मात्र चुकला नाही.

यंदा मे महिन्यात जुना जळला. नवा सुरू केला, तर नुसता गुरगुरला. उभ्या उभ्या आतून गंजून जाम झाला होता. टँकरच्या रांगेत एक काकू मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाल्या, "भाऊचा पंप पूजेचाच आहे वं, पाण्याचा नाही!"

अंगाची आग झाली. पंप फिरला नसता, तर कमिशनची गोष्ट कायमची खरी ठरली असती. मेकॅनिकला घेऊन मी पंपघरात गेलो. अध्यक्ष दारातच होते.

"आधी कबूल करा. जुना दुरुस्त झाला की एक आठवडा हा चालेल, एक आठवडा तो. कायमचं."

"आधी पाणी तर येऊ द्या गा!"

"आधी कबुली."

रांग ऐकत होती. अध्यक्षांनी मान डोलावली. मेकॅनिकने तेल सोडून, पान्याने दांडा हलवत शेवटी पंप मोकळा केला. संध्याकाळी नळ आले.

त्याच वेळी अध्यक्षांना सर्वांसमोर माफीही मागायला लावता आली असती. पण अडलेल्या गिऱ्हाइकाकडून काढलेला भाव पुढच्या खेपेला टिकत नाही, हे धंद्यात शिकलो आहे. आळीपाळीची अट टिकली, कारण ती त्यांच्याही सोयीची होती. माफी फक्त माझ्या सोयीची.

अध्यक्ष रस्त्यात दिसले की मी अजून दुसरीकडे बघतो. पंपांची पाळी बदलायच्या दिवशी त्यांचा फोन मात्र उचलतो.