म्हैसूरच्या राजवाड्यातले चंद्रभानजी

हिवरखेडच्या जमुनाबाई अंगणवाडीत सेविका होत्या. त्यांचे यजमान चंद्रभानजी कपाशी आणि तूर पिकवायचे. मोठे बोलके. गावात कोणाचंही लग्न असो, पाहुण्यांच्या सरबराईला त्यांनाच पुढे करत.

गेल्या सालापासून मात्र ते बोलता बोलता अडायला लागले. शब्द सापडेना की जमुनाबाई तो हळूच पुरवायच्या. एकदा शेतातून परतताना ते भलत्याच गावाला पोचले, तेव्हाही जमुनाबाईंनी उन्हाचं निमित्त सांगून वेळ मारून नेली. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाला, विपुलला, यातलं काही कळू दिलं नाही.

दिवाळीनंतर विपुलनं दोघांना बोलावून घेतलं आणि म्हैसूरचा राजवाडा दाखवायला नेलं. चपला बाहेर ठेवून सगळे आत शिरले. जमुनाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. राजघराण्याची लग्नं जिथं लागायची त्या मंडपात रंगीत काचांचं छत होतं, त्यावर मोर. सारे माना वर करून उभे. तेवढ्यात मागून एका शाळेच्या सहलीचा लोंढा आला आणि हात सुटला. लोंढ्यासोबत त्या आणि विपुल बाहेर ढकलले गेले.

“बाबा काय लहान हायेत? येतीन बाहीर,” विपुल म्हणाला.

“नाई येनार. त्यायले रस्ता समजत नाई आता. कदी कदी सोताचं नावही आठवत नाई.”

विपुल बघतच राहिला. “कवापासून?”

“साल झालं.”

“अन् मले काहून नाई सांगितलं?”

जमुनाबाई मंडपाच्या दाराकडे वळल्या. विपुल मोबाइलमधला फोटो पहारेकऱ्यांना दाखवत दरबारापर्यंत धावला. शेवटी एका पहारेकऱ्यानं लांबून हात केला.

चंद्रभानजी त्याच मंडपात, खांबापाशी, हात जोडून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला “या, या, बसा” म्हणत होते. दोन पोरं हसत त्यांचा व्हिडिओ काढत होती. विपुल त्या पोरांच्या अंगावर धावून गेला. जमुनाबाई नवऱ्याजवळ गेल्या.

“तुमी पोरीकडल्या का पोराकडल्या?” चंद्रभानजींनी अदबीनं विचारलं.

“पोरीकडली,” जमुनाबाई कशाबशा म्हणाल्या. “चाला, जेवून घ्या.”

परक्या बाईसोबत चालावं तसे ते अंतर राखून निघाले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नंतर विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. तो बरा होत नाही, हेही सांगितलं. विपुल दोघांना बंगळुरूला न्यायला तयार होता.

“तिथं हरपले तं कोन ओयखीन त्यायले? अठी सारं गाव ओयखते,” जमुनाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच गावात सगळ्यांना सांगितलं. शेजारचे शेषराव रोज येऊन बसतात. तरी परवा चंद्रभानजी एसटी स्टँडवर सापडले, अकोटच्या गाडीत चढताना. आता अंगणाच्या फाटकाला बाहेरून कडी आहे. पीठ आणायला जाताना जमुनाबाई ती लावतात, आणि चंद्रभानजी आतून विचारत राहतात, “बाई, दार काहून लावलं?”