शंभराच्या आत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — देव जाणे. बहुधा या हिवाळ्यातही भडगावहून वांग्यांची पिशवी आली म्हणून.

पिंप्राळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मेमरी कमी पडते म्हणून लोक जुनी मशीनं भंगारात घालतात, ते मला बघवत नाही. अहो, चांगली धडधाकट मशीनं! म्हणून त्यांच्यासाठी मी लिनक्सची — विंडोजच्या जागी चालते ना फुकटातली, तिची — एक हलकी आवृत्ती बांधायला घेतली. लागत नाही ते काढायचं, एवढंच तंत्र. शोभेची चित्रं काढली, प्रिंटरचं लचांड काढलं. मशीन चालू झाल्यावर किती मेमरी खातं, तो आकडा खाली यायला लागला — आणि मला त्याचा नादच लागला. आम्हा हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. तिथे आकड्याचा फोटो टाकायचा आणि वाहवा घ्यायची. धुळ्याचा एक जण शंभर एमबीला टेकला होता. मग काय, मला शंभराच्या आत जायचंच होतं! कशासाठी? कुणी बक्षीस लावलं होतं? छे. नुसती खाज.

शेवटी काढण्यासारखा उरला आवाज. आवाजाची सगळी यंत्रणाच उपटली. आकडा शंभराच्या आत आला आणि मी हवेत.

त्याच सुमारास भडगावकडच्या एका शाळेतली जुनी मशीनं चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे सुमनअक्का शिक्षिका होत्या. पन्नाशीत त्यांची नजर गेली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो ना, तो वापरायला त्या पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या — त्या वयात, एकट्या. एक मशीन बोलतं झालं की हजेरी, गुण, सगळं त्या स्वतः करणार होत्या. नाहीतर नोकरी सोडणार. दुसऱ्याच्या भरवशावर वर्ग चालवायचा नाही, असं त्यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

मी माझी आवृत्ती घालून मशीन लावलं. झटकन चालू झालं, सगळे खूश. अक्का हेडफोन लावून, कीबोर्डवर बोटं ठेवून बसल्या. मशीन मुकं. तेव्हा काय अवघड होतं हो? 'अक्का, आवाज मीच काढलाय, परत बसवतो' — एवढंच तर म्हणायचं होतं! पण बसवला की आकडा शंभराच्या वर. आणि ग्रुपवर तर मी आधीच शेखी मिरवून बसलेलो, की माझी आवृत्ती आता शाळेत चालणार.

मी म्हणालो, "अक्का, मशीन फार जुनं आहे. त्याच्याने बोलणं व्हायचं नाही."

त्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली. "मशीनच म्हातारं शे, त्याना काय दोष? ऱ्हाऊ दे भाऊ." वर मलाच चहा पाजला.

पुढच्या जूनमध्ये त्या वर्गावर नव्हत्या.

इथेच थांबलो असतो तर निदान... नाही, निदान काय? ऐकाच. नंतर तेच मशीन दुरुस्तीला माझ्या दुकानात आलं. मी त्यात आवाज बसवला, वाचणारा प्रोग्राम बसवला. बोललं की हो! खणखणीत मराठीत बोललं, आणि तरी निम्मी मेमरी मोकळी. तेव्हा तरी फोन करायचा की नाही, गाढवा? नाही केला. आवाज पुन्हा काढला आणि मशीन मुकं करून शाळेत परत पाठवलं — कुणाला कळू नये म्हणून.

अक्का अजून सगळ्यांना सांगतात, त्या भाऊनं माझ्यासाठी फार खटपट केली. दर हिवाळ्यात शेतातली भरताची वांगी पाठवतात. काल ती भाजली, सोबत कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होती. बायको म्हणाली, "अक्कांना फोन तरी करा."

केला. भरीत छान झालं होतं, म्हणालो. आणि ठेवला.