गच्चीखालचा ठेका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कान लागतात, हे त्याला त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पंचवीस वर्षांत त्याचे कान इतके तयार झाले, की दुसऱ्या मजल्यावर उभं राहून तो गच्चीवरच्या मशीनमधलं कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते सांगायचा. सोबतचे मिस्त्री त्याला थट्टेने कानसेन म्हणत, आणि पुढे थट्टा गेली, नाव राहिलं.

संगीताशी मात्र त्याचं काही देणंघेणं नव्हतं. एकदा एका मोठ्या सभागृहाच्या लिफ्टचं काम करताना खाली नाचाचा कार्यक्रम चालू होता. मशीनच्या खोलीत सूर पोचतच नव्हते. पोचत होता तो फक्त ठेका, धप् धप् धप् धप्, जमिनीतून तळपायात. एकही घाव मागेपुढे नाही. हातात पाना तसाच धरून तो वीस मिनिटं उभा राहिला. इतकं निरोगी चालणारं यंत्र त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून त्याला इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचं वेडच लागलं. गाजलेली नावं त्याला नको असत. जेवणाच्या सुट्टीत, कुठल्या तरी इमारतीच्या मशीनच्या खोलीत डबा उघडून, तो कानाला हेडफोन लावायचा आणि घरात बसून संगीत करणाऱ्या अनोळखी लोकांचे नवे ट्रॅक हुडकायचा. दर शुक्रवारी दुपारी त्यातले निवडक पाच आपल्या चॅनेलवर टाकायचा, खाली दोन ओळी लिहून. त्या ओळी तपासणीच्या अहवालासारख्या असत : ‘तिसऱ्या मिनिटाला ठेका मोकळा होतो. शेवट किंचित सैल. जरूर ऐका.’ हळूहळू अकराशे माणसं जमली. बायको म्हणायची, “इतर बायकांना सवती असतात. माझ्या नशिबी ठेका आला.” पण शुक्रवारी यादी टाकायची राहिली, तर आठवण तीच करायची.

‘गच्चीखाली’ या नावाने संगीत करणारी बाई त्याला अशीच सापडली. तिचा पहिला ट्रॅक फक्त नऊ जणांनी ऐकलेला होता. त्यात नेहमीच्या ठेक्याच्या खाली आणखी एक घाव होता, जड, ओला, जरासा लंगडणारा. कानसेनने तो शुक्रवारी पहिल्या क्रमांकावर टाकला. आठवड्याभरात दोन हजार लोकांनी ऐकला. एकाने लिहिलं, ‘कोणीतरी जिना चढून येतंय असं वाटतं, पण पोचत नाही.’

कानसेनने तिला निरोप पाठवला : ‘खालचा घाव उत्तम. पुढच्या वेळी आणखी पुढे आणा.’

उत्तर आलं : ‘घरातलाच आवाज आहे, दादा. आणते.’

दुसरा ट्रॅक आला, मग तिसरा. घाव दर वेळी मोठा होत गेला. आता त्याच्या शेपटीला एक बारीक कुरकुर होती, दाताखाली खडा आल्यासारखी. लोकांना ती फार आवडली. कानसेनलाही आवडली, पण तिसरा ट्रॅक ऐकल्यावर का कोण जाणे, त्याने डबा अर्धाच खाल्ला. आपल्याला नेमकं काय खटकतंय ते त्याला सांगता येईना. चौथा आल्यावर त्याने विचारलं, ‘हा आवाज करता कसा?’

‘करत नाही, रेकॉर्ड करते. मग तिपटीने संथ करते. मूळ रेकॉर्डिंग पाठवू का?’

ते आलं तेव्हा तो एका दवाखान्याच्या गच्चीवर मशीनशेजारी बसला होता. त्याने ते सुरू केलं. संथ केलेला ओला घाव आता मुळातल्या वेगाने वाजला : टक्. गुरगुर. टक्. गुरगुर. दोर ओढणाऱ्या मोठ्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक्. शेजारचं धडधाकट मशीन त्याच वेळी फिरत होतं, आणि दोन्ही आवाज एकमेकांच्या बाजूला ऐकताना त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. असा टक् त्याने पूर्वी एकदाच ऐकला होता. चाकाच्या आसाला चीर गेली होती. ते मशीन पुढे तीन दिवस चाललं होतं.

त्याने तिला पहिल्यांदाच फोन लावला.

“ताई, तुमच्या घराच्या वर काय आहे?”

“गच्ची. आणि लिफ्टची खोली. आमचा आठवा मजला ना, शेवटचा.”

“लिफ्ट चालू आहे?”

“चालू आहे की. आत्ताच आई औषधं आणायला खाली गेली.”

“त्यांना फोन करा. परत येताना लिफ्टने येऊ नका म्हणावं.”

“आई फोन घरीच ठेवते. का हो? काय झालं?”

“तुम्ही खाली जा. जिन्याने. लिफ्ट सापडेल त्या मजल्यावर दारात काहीतरी आडवं ठेवा. दार उघडं असलं की ती हलत नाही. पत्ता पाठवा, मी निघालो.”

तिच्या घरी पोचायला त्याला चाळीस मिनिटं लागली. सिग्नलला थांबला की त्या ठेक्यावर आपोआप त्याचा पाय हलायचा. तो पाय दाबून धरायचा.

मधल्या वेळात काय झालं ते तिने नंतर सांगितलं. ती चौथ्या मजल्यापर्यंत उतरली असेल, तोच लिफ्ट तिच्या शेजारून वर गेली आणि आतून आईचा खोकला ऐकू आला. ती तशीच उलट फिरली. आठव्यावर पोचली तर आई घराच्या दारात चपला काढत उभी होती आणि म्हणाली, “एवढी धापा का टाकतेस?” लिफ्ट अजून वरच होती; तिने बटण दाबून दार उघडलं आणि आईला ते धरायला लावलं. तिने घरातून शिलाईचं स्टूल उचललं आणि दारात घातलं. मग ती त्याच्यावर बसून राहिली. खालून लोक ओरडत होते. वॉचमन जिना चढून आला, सेक्रेटरी आले, त्यांनी “डोकं फिरलंय का?” असं दोनदा विचारलं. ती उठली नाही.

कानसेन पोचला तेव्हाही ती बसलेलीच होती. तिशीची, गळ्यात माप घ्यायची टेप, चेहरा पांढराफटक.

“यंदाचं तपासणीचं प्रमाणपत्र आहे आमच्याकडे,” सेक्रेटरी म्हणाले.

“असू दे. खोलीची किल्ली द्या.”

वीज बंद करून त्याने चाकामागचं काळं ग्रीस फडक्याने पुसलं आणि सेक्रेटरींच्या हातात बॅटरी दिली. आसाभोवती केसाइतकी रेघ दिसत होती. रेघ अर्ध्याहून जास्त फिरून आली होती. त्याने तिच्यात नख घातलं. नख आत गेलं.

खाली जाताना सेक्रेटरी कठड्याला धरून उतरले.

तिच्या आईने चहा केला. कानसेनने न राहवून विचारलं, “एवढा आवाज येत होता, तर तक्रार कशी केली नाहीत?”

ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “अर्ज लिहिला होता, दादा. त्याच दिवशी तुमचा निरोप आला, घाव पुढे आणा म्हणून. मला वाटलं, दुरुस्ती झाली की आवाज जाईल. मग राहू दिलं.”

तिच्या सुरात दोष देणं नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं. तीन महिने तो आवाज त्याच्या कानात होता. तीन महिने त्याने तो अकराशे लोकांना वाटला होता.

त्या शुक्रवारी त्याने पाच ट्रॅक टाकले नाहीत. झालेलं सगळं लिहिलं, स्वतःची चूकही. शेवटी विनंती केली, की हे चार ट्रॅक कृपया वाजवू नका. बरेच जण हळहळले. काहींना ती जाहिरातीची युक्ती वाटली. आणि कितीतरी जणांनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं.

नवा आस बसला, आठव्या मजल्यावर शांतता झाली. तिने वर्षभर काही केलं नाही. ट्रॅक मात्र हातोहात पुढे गेले होते. ते आता कोणाच्याच हातात नव्हते.

मग एका दुपारी कोणीतरी कानसेनला व्हिडिओ पाठवला. परदेशातलं जुनं मोठं सभागृह, खचाखच भरलेलं. चौथा ट्रॅक वाजत होता. तो घाव आला की हजारो पाय एकदम जमिनीवर आदळत होते. वर लोखंडी सज्जा होता, त्याच्यावरही तीनचारशे माणसं, तीही उड्या मारत होती. प्रत्येक घावाला सज्ज्याची कड खाली जाऊन वर येत होती. कानसेनने व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाहिला. वर येताना कड दर वेळी थोडी कमी वर येत होती.

खाली लिहिलं होतं, येत्या शनिवारी पुन्हा.

त्याने आयोजकांना लिहिलं. सज्ज्याचे बोल्ट तपासा, मी यंत्रांचं काम करतो, थट्टा समजू नका. बायकोने ते वाचून पाहिलं, एक वाक्य सौम्य केलं, आणि त्याने पाठवून दिलं.

तासाभराने उत्तर आलं. एक लाल बदाम, आणि त्याच्याखाली, ‘तुमच्यासारख्या चाहत्यांमुळेच आम्ही आहोत.’

त्याने पुन्हा लिहायला घेतलं. शनिवारला अजून चार दिवस होते.