चॉकलेटी वायर आणि रंगीत ई-पेपर

सांगलीहून पहाटेची बस धरली तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. तेवीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. आता कारखान्यांसाठी कामाचे तक्ते काढते, म्हणजे कोणती वायर कुठून कुठे जाते त्याची चित्रं. पिशवीत रंगीत ई-पेपरचा टॅब होता. वहीएवढाच, पण पडदा छापील पानासारखा शांत. डोळ्यांना टोचत नाही आणि त्यावर पेनाने लिहिताही येतं. महाळुंग्याच्या एका कारखान्यात कागदी फायलींऐवजी हे टॅब लावायचे होते आणि त्यावरचे तक्ते माझे होते.

पुण्याजवळ वाकडला उतरून थेरगावला मावसबहिणीकडे, सुमनकडे गेले. डांगे चौकाजवळच्या बाजारातून तिने ताजी मेथी आणली होती. जेवताना मी तिला टॅबवर माझे तक्ते दाखवले. "रंग जरा फिके वाटतात गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "छपाईसारखे आहेत ते. सवय होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला "महाळुंगे" एवढंच सांगितलं आणि टॅब उघडून बसले. मान वर केली तेव्हा समोर बालेवाडीचे उंच टॉवर होते.

"मॅडम, आलं महाळुंगे."

"कारखाने कुठायत?"

तो हसला. "राव, चाकणचं पाहिजे होतं व्हय? ते पार तिकडं."

महाळुंगे दोन आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. पुढचा दीड तास कंटेनरच्या मागे धूळ खात गेला. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्याच्या शेड, मध्येच हिरवंगार कांद्याचं वावर, आणि जेवणाच्या सुट्टीतल्या माणसांनी वेढलेल्या वडापावच्या गाड्या. तिथेच उभ्याने वडापाव खाल्ला आणि कारखान्यात शिरले.

तिथे हार्नेस (गाडीतल्या वायरींची बांधलेली जुडी) तयार होतात. लांब फळ्यांवर खिळे ठोकलेले असतात आणि बायका तक्ता बघून त्यांतून रंगीत वायरी ओवत जातात. लाइनचे प्रमुख शिंदे साहेब मला मीराताईंपाशी घेऊन गेले. मीराताई लातूरकडच्या, चाळिशीच्या, लाइनवर सगळ्यांत जुन्या. त्यांनी टॅब हातात घेतला, दोन वायरी ओवल्या आणि थांबल्या.

"मॅडम, ही कोणती वायर?"

"लाल," मी बघताक्षणी सांगितलं.

त्यांनी खणातून जुना कागदी तक्ता काढून शेजारी ठेवला. तिथे ती वायर तपकिरी होती. लाल तिच्या खालची.

"मला तर दोन्ही सारख्याच दिसायल्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी टॅब दिव्याखाली धरला, तिरपा करून पाहिला. शेडच्या त्या उजेडात लाल आणि तपकिरी एकच दिसत होते. तक्ता मीच काढलेला, आणि मलाच तो वाचता येत नव्हता. ही जुडी मागच्या दिव्यांना जाणारी होती. चूक तपासणीत सापडली तर अख्खी जुडी उसवायची. निसटली तर ब्रेक दाबल्यावर दिवा लागणार नाही.

शिंदे साहेबांना सोमवारपासून टॅब सुरू करायचे होते. "हात बसला की कळेल हो त्यांना," ते म्हणाले.

होकारार्थी मान हलवली असती तर मी तिथल्या तिथे मोकळी झाले असते. मी म्हटलं, "नाही साहेब. हे असं लाइनवर लावू नका. चूक माझी आहे."

त्यांनी टॅब माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून आणा. नाहीतर कागदच बरा."

शिफ्ट सुटल्यावर मीराताईंनी विचारलं, "आळंदीला येता का? घर तिथंच हाय. जेवा, मग बघू." कंपनीच्या बसने आम्ही आळंदीला उतरलो. त्यांनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी वाढली. मग दोघी इंद्रायणीच्या घाटावर जाऊन बसलो. पलीकडे कीर्तन शिकणारी मुलं टाळांवर ताल धरत होती. कलत्या उन्हात पडदा चांगला उजळला आणि लाल-तपकिरी वेगळे दिसू लागले. पण शेडमध्ये ऊन कुठून आणणार?

मी तपकिरीची रेघ तुटक केली, लालची सलग ठेवली आणि तपकिरीच्या टोकाला 'त' लिहिला. मीराताई म्हणाल्या, "तपकिरी कोण म्हणतंय? आमी चॉकलेटी म्हणतो. आन् नाव टोकाला नको, खिळ्यापाशी पाहिजे. नजर तिथंच आस्ती."

मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्या आधी कचरल्या. "सहीशिवाय लई दिवसांत काही लिहिलं नाही बगा." मग पहिला 'चॉ' उमटला, थोडा वाकडा. पुढचे सरळ आले. अंधार पडेपर्यंत अकरा पानं झाली.

दुसऱ्या दिवशी मीराताई धरून सहा जणींनी त्या तक्त्यावरून जुड्या बांधल्या. तपासणीच्या फळीवर एकेका जुडीचा हिरवा दिवा लागत गेला. सहाही बरोबर निघाल्या. शिंदे साहेबांनी पानं उलटून पाहिली. "अक्षर कुणाचं आहे?"

मीराताई खाली बघून वायरी आवरू लागल्या. बाकीच्या पाच जणींनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

परतीच्या बसमध्ये खंबाटकी घाट लागेपर्यंत मी तो तक्ता बघत होते. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मी तक्ते नेहमी माझ्या टेबलावर बसून काढले आणि ते बरोबर आहेत हे स्वतःच ठरवलं. आता नवं काम आलं की आधी फळीपाशी जाऊन उभी राहते आणि तिथली नावं विचारते.

परवा मीराताईंचा फोन आला. नव्या गाडीची जुडी लाइनवर आली होती आणि तिचा तक्ता त्यांनी स्वतःच टॅबवर काढला होता. शिंदे साहेबांनी तो तसाच लावला.

"मॅडम, आता तक्त्यासाठी येऊ नका," त्या म्हणाल्या. "जेवायला या."