आशिया खंडाची वेदना, पाने बारा

तमाम वाचक बंधू-भगिनींस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्या इसमाने 'आशिया खंडाची वेदना' या विषयावर पूर्ण शुद्धीत लिहिलेली बारा पाने त्याने स्वतःच, दिवसाढवळ्या, अकोले तालुक्यातल्या एका भातखाचरात, चिखलात उभे राहून मागे घेतली आहेत. तरी सदर वेदनेवर कोणीही हक्क सांगू नये. सांगितल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही.

नोटिशीची भाषा मला अशी सराईतपणे येते, कारण मी नगरच्या कोर्टात टंकलेखक आहे. शहराचं नाव आता पाट्यांवर बदललं आहे, पण आमच्या तोंडात नगरच. दिवसभर मी लोकांची भांडणं टाइप करतो. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली. माझ्या पायाला भिंगरी आहे आणि नोकरी खुर्चीची आहे. पासपोर्ट काढलेला नाही. म्हणून मी संध्याकाळी घरी आलो की पुस्तक घेतो, गच्चीवर जातो आणि येरझाऱ्या घालत वाचतो. बसून वाचायला मला जमतच नाही. एका हिवाळ्यात मी चालत चालत कोरियातली तीन घराणी संपवली. तुर्कस्तानातल्या एका न्हाव्याच्या मागे तर मी इतका भरभर चाललो की चपलेचा अंगठा तुटला. कोर्टातले लोक चहाला बोलावताना विचारतात, "साहेब, आज कुठल्या देशात?"

माझं खरं प्रेमप्रकरण सुरू झालं ते छावणीजवळच्या रद्दीच्या दुकानात. आमच्याकडे देशोदेशीचे लष्करी अधिकारी शिकायला येतात आणि परत जाताना सामान हलकं करायला पुस्तकं टाकून जातात, असं रद्दीवाल्याचं म्हणणं. त्या ढिगात मला एक कादंबरी सापडली. लिपी इंग्रजीची, पण भाषा निराळीच. दुकानात उभ्या उभ्या पान उलटलं तर शब्द ओळखीचे वाटायला लागले. साबणाला साबुन, खुर्चीला कुर्सी, अननसाला नानास, जगाला दुनिया. आणि डोक्याला? कपाला! म्हणजे आपलं कपाळ समुद्र ओलांडून गेलं आणि तिकडे अख्खं डोकं झालं. एवढी बढती कोर्टात तरी कुणाला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. मी ते पुस्तक छातीशी धरून घरी आणलं. भाषा इंडोनेशियाची होती.

मागच्या पानावर लेखिकेचा फोटो होता. जाड चष्मा, केसांत एक पांढरा पट्टा, आणि ओठ असे मिटलेले की आता ही बाई आपल्याला लोणचं दुसऱ्यांदा वाढणार नाही. तिच्या धाकाने मी भाषा शिकलो. मोबाईलवर शब्दकोश आणि भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून. आमच्या बायकोला साबणाच्या वडीजवळ, कपाटावर, फ्रीजवर चिठ्ठ्या सापडत. स्वतःच्या कपाळावर चिकटवायला ती तयार झाली नाही. नऊ वर्षं लागली, पण कादंबरी मी मराठीत आणली. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ती घेतली. आजवर त्यांची माझी भेट फक्त फोनवर. ते म्हणाले, "छान झालीय. फक्त एक प्रस्तावना लिहा. आपल्या वाचकाला तो देश, ती माणसं उलगडून दाखवा."

उलगडून दाखवा! मी याच क्षणाची वाट पाहत होतो.

आता कादंबरीचा शेवट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नायिका भाताच्या गावातली. नवरा शहरात गेलेला, त्याचा पत्ता नाही. शेवटच्या प्रकरणात ती सकाळी इतर बायकांबरोबर भाताची रोपं लावायला उतरते. लेखिका लिहिते की ती दिवसभर मागे मागे जात राहिली. संध्याकाळी तिची पाठ बांधाला टेकली. तिने मान वर केली. आणि ती थांबली. कादंबरी संपली.

मी मूळचा पाथर्डीकडचा. आमच्याकडे ज्वारी, बाजरी. पेरणी म्हणजे पुढे बैल, बैलांमागे पाभर, पाभरीमागे माणूस, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, पण तोही पुढेच जातो. आमच्या रानात मागे मागे जाणारा माणूस दिसला, तर एक तर तो प्यालेला असतो किंवा त्याने साप पाहिलेला असतो. भातलावणीचे फोटो मी पाहिले होते, नाही असं नाही. पण फोटोत कोणीच कुठे जात नाही.

तर मी त्या मागे जाण्याने घायाळ झालो. चार रात्री नीट झोप नाही. 'आयुष्याला पाठमोरी झालेली स्त्री' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि मग हात थांबेना. मागे जाणं म्हणजे हरवलेल्या काळाकडे जाणं. मागे जाणं म्हणजे एका अख्ख्या खंडाचं भूतकाळात ढकललं जाणं. बांधाला पाठ टेकणं म्हणजे भिंतीपाशी कोंडलं जाणं. थांबणं म्हणजे पराभव. बारा पानं भरली.

बायकोला वाचून दाखवली. ती शेवगावकडची, माझ्याइतकीच कोरडवाहू. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण ती मागे का चाललीय?"

"ते प्रतीक आहे."

"ते कळलं हो. पण बाई मागे का चाललीय?"

"तिच्या आयुष्यात पुढे काही उरलेलं नाही म्हणून."

"बरोबरच्या बायकांचं पण उरलेलं नाही?"

मी प्रस्तावना गुंडाळली आणि गच्चीवर गेलो. पण तो प्रश्न खडा होऊन चपलेत बसला. प्रस्तावना पाठवली, तरी खडा जाईना. मग प्रकाशकांचा फोन आला की शनिवारी संध्याकाळी पाचला पुस्तक छापायला जाईल. शनिवारी सकाळी उजाडल्यापासून माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. कोर्टाला सुट्टी होती. नऊ वर्षं चष्म्यातून माझ्याकडे बघणारी ती बाई आज मराठीत बोलणार होती, आणि तिच्यापुढे उभा राहून आधी बारा पानं मी बोलणार होतो. मी चुकलो असेन तर तिच्या पुस्तकाच्या दारातच चूक छापली जाणार होती.

"गाडी काढा," बायको म्हणाली. "भंडारदऱ्याला जाऊ. खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या होत्या, वर चक्की घातली का म्हणून."

संगमनेर सोडलं, अकोले गेलं. एकाच जिल्ह्यात राहून मी पावसाळ्यात या बाजूला कधी फिरकलो नव्हतो. राजूरच्या पुढे डोंगर जवळ आले, भुरभुर सुरू झाली, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेली खाचरं लागली. एका वळणावर बायकोने माझा दंड धरला.

"अहो, ती बघा तुमची वेदना. चांगली आठ-दहा जणींची आहे."

मी करकचून ब्रेक मारला. खाचरात बायका ओळीने वाकल्या होत्या. डोक्यावरून पाठीवर सोडलेली निळ्या-पिवळ्या प्लास्टिकची इरली, हातात रोपांच्या मुठी, गुडघ्यापर्यंत चिखल. आणि सगळ्या जणी मागे मागे येत होत्या. एका पायाने मागे, दुसऱ्या पायाने मागे. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असावं, कारण ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू गेलं. माझा अख्खा खंड माझ्याकडे पाठ करून, हसत हसत, माझ्याच दिशेने येत होता.

मी चप्पल काढून बांधावर उभा राहिलो. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती.

"मावशी, तुम्ही मागे मागे का जाता?"

ओळ थांबली. सगळी इरली माझ्याकडे वळली.

"ह्यो कुठला म्हनायचा?" मावशींनी माझ्या बायकोला विचारलं. मला विचारण्यात अर्थ नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

"नगरला असतो आम्ही. हे मूळचे पाथर्डीकडचे."

"आस्सं व्हय," मावशी म्हणाल्या, जणू माझा आजार सांगितला. मग माझ्याकडे वळून, सावकाश, शब्द सुटे करून बोलल्या, "आरं बाबा, फुडं गेलं तर लावलेलं तुडवल का न्हाई?"

मी बांधावर बसलो. बसणं मला जमत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. तरी बसलो. बायकोने मग माझी सगळी कहाणी त्यांना सांगितली. पुस्तक, समुद्रापलीकडची बाई, बारा पानं, सगळं. मावशी काम न थांबवता ऐकत होत्या.

"त्या मुलखातबी मागंच येत्यात?"

"हो," मी म्हणालो.

"शान्या हायती. मंग शेवटाला काय करती म्हनं ती?"

"पाठ बांधाला टेकते. मान वर करते. आणि थांबते."

"थांबंल न्हाई तर काय. खाचार संपलं की! आन् तुमी काय लिवलंय?"

"की ती हरली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मावशींनी रोपांची एक मूठ माझ्या मांडीवर टाकली. "उतरा खाली."

मी पॅंट वर खोचली आणि उतरलो. चिखल पायाची बोटं एकेक करून मोजतो. चार-पाच काड्या घ्यायच्या, बोटांनी खाली दाबायच्या, मागे सरायचं. पुन्हा घ्यायच्या, दाबायच्या, सरायचं. पहिल्याच वेळी मी सवयीने पाऊल पुढे टाकलं आणि आपलीच तीन रोपं झोपवली. बायको बांधावरून "मागे! मागे!" ओरडत होती, तिला फार आनंद झाला होता. अर्ध्या तासात कंबरेचं लाकूड झालं. मग पाठीला काहीतरी गार लागलं. बांध.

मी मान वर केली.

आमच्याकडे पेरलेलं पाठीमागे राहतं. ते पाहायला वळावं लागतं, आणि वळून तरी काय, माती दिसते. इथे माझ्यासमोर, माझ्या पायांपासून त्या टोकापर्यंत, सकाळपासूनचं सगळं काम हिरवं उभं होतं. माझी ओळ दारू प्यायल्यासारखी होती, पण होती. मागे जाणाऱ्या माणसाला आपलं केलेलं क्षणभरही दिसेनासं होत नाही. ते दर पावलाला वाढत जातं. ती बाई हरली नव्हती. ती बघत होती. दिवसभर बघतच आली होती, आणि शेवटी नीट बघायला थांबली होती. लेखिकेने ते समजावून सांगितलं नाही, कारण तिच्या गावात ते कुणाला सांगायचं? सगळे ओठ मिटून बसले होते, एक मीच बोलत होतो. बारा पानं.

"किती वाजले?" मी ओरडलो.

"साडेचार!" बायको ओरडली.

मोबाईलला रेंज नव्हती. "त्या खांबापाशी जावा," कुणीतरी सांगितलं. मी चिखलाच्या पायांनी बांधावरून पळालो. दोनदा घसरलो. खांबाला एका हाताने धरून उभं राहिल्यावर फोन लागला.

"प्रस्तावना काढा!" मी म्हणालो. "सगळी!"

"अहो, आता? मग त्या जागी काय टाकू?" प्रकाशक म्हणाले.

"एकच ओळ टाका. भात मागे सरत सरत लावतात, म्हणजे लावलेलं तुडवलं जात नाही आणि सगळं डोळ्यांसमोर राहतं."

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"हॅलो?"

"अहो, ते माहितीच आहे की. मी मावळातला आहे. लहानपणी भाताच्या आवणीला जायचो आम्ही."

"मग माझी बारा पानं वाचून तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असूनही लिहिलंय. काहीतरी खोल असेल म्हणून गप्प बसलो."

मी खांबाला कपाळ टेकलं. अख्खं कपाला टेकलं. मग म्हणालो, "खोल काही नाही. तेवढी एक ओळ टाका," आणि ते "टाकतो" म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथूनच, हात उंच करून, त्या सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं की काम झालं, चूक निघाली, आता सगळं नीट लागलं. मावशी वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या, माझ्या ओळीकडे त्यांनी पाहिलं, आणि तोंडाशी हात धरून ओरडल्या,

"आवो पावनं, फोन ठिवा आन् पळत या! तुमी लावलेलं समदं वर तरंगाया लागलंय!"