साडूची ज्वारी आणि समुद्रातल्या पवनचक्क्या

माझ्या साडूइतका हेवा वाटावा असा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि तो सगळा हेवा करण्याचं काम माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं. मी दौंडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा, दोन पदव्यांचा धनी. तो केंदूरचा मेंढ्यांचा व्यापारी, दहावी नापास. तरी कासुर्डीला सासरी गेलो की तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची. सासूबाई मला "सर, घ्या ना" म्हणायच्या आणि गप्पा त्याच्याशी मारायच्या.

त्याच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात कायम ज्वारीचे दाणे असत. कळप फाटकातून निघाला की वीस मेंढरांमागे एक दाणा डाव्या खिशात जायचा. बोलणं, विडी, शिव्या सगळं चालू असताना बोटं आपलं काम करायची. बाजारातून परतताना उरलेला कळप तो पुन्हा मोजायचा. "जाताना मोजला त्यो अर्धाच कळप, मास्तर. येताना मोजला म्हंजी पुरा." मेव्हण्याच्या लग्नात मांडवावर नुसती नजर फिरवून त्यानं आचाऱ्याला सांगितलं, "आजून चाळीस पानं वाढतील," आणि वाढली. एकदा मात्र बोलण्याच्या नादात त्यानं डाव्या खिशातला एक दाणा चावून खाल्ला आणि वीस मेंढरं हरवली म्हणून अख्खं रान पालथं घातलं. हा किस्सा मी दर दिवाळीला सासरी मुद्दाम सांगायचो. सगळे पोट धरून हसायचे आणि त्याच्यावरचं त्यांचं प्रेम वाढायचं. माझा बेत तो नव्हता.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. एका कंपनीच्या मनात कोकणच्या समुद्रात पवनचक्क्या उभारायचं होतं. त्याआधी तिथल्या पाखरांवर, माशांवर काय परिणाम होईल याचा अहवाल हवा होता. ते काम घेतलेल्या पुण्याच्या कचेरीत माझा जुना विद्यार्थी साहेब होता. त्यानं मला पक्षी मोजायला बोलावलं. अहवालात निरीक्षक म्हणून नाव छापलं जाणार होतं, आणि लग्नपत्रिकेखेरीज माझं नाव तोवर कुठे छापलं नव्हतं. दुर्बिणीची पेटी उचलायला कोणीतरी आणा म्हणाला, तर बायकोनं परस्पर बहिणीच्या नवऱ्याला सांगून टाकलं.

समुद्र त्यानं पहिल्यांदाच पाहिला. होडी हलली आणि मी कठड्यावर ओणवा झालो. हा गडी शेजारी बसून चटणी-भाकरी खात होता. चार दिवस एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं वही धरून मी सकाळ-संध्याकाळ थवे मोजले आणि दोन्हींची बेरीज मांडली. शेवटच्या संध्याकाळी वही साहेबाला देणार, तोच साडूनं मला बाजूला घेतलं.

"मास्तर, ही सकाळचीच पाखरं हायेत. तुम्ही दोनदा धरली."

"कशावरून?"

"त्या म्होरक्याच्या डाव्या पंखातलं पीस गळालंय बघा. सकाळी गेला, आता घरला चाललाय. रोज त्योच."

मी दुर्बीण लावली. पीस नव्हतं. त्याच्या ज्वारीचा आकडा माझ्या आकड्याच्या बरोबर निम्मा होता. त्या क्षणी त्याला समुद्रात ढकलावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? वही तशीच दिली असती तर कोणाला कळलंही नसतं. साहेबासमोर त्यानं माझ्या चुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते तर जास्तच झोंबलं. मी आकडे खोडून निम्मे केले.

साहेब खूश झाला. "एवढीच असली तर चक्क्यांच्या मधून जातील की!"

"फाटकातनं मेंढरं बी नीट जात्यात, सायेब," साडू म्हणाला. "पर एक बिचकलं की सगळी एकावर एक. आन् ही तर रोज दोन येळा तिथनंच जायची."

साहेबानं ते लिहून घेतलं.

अहवाल आला. निरीक्षक म्हणून फक्त माझं नाव होतं. तो मी सासरी प्रत्येकाच्या हातात दिला, आणि सगळ्यांत मोठ्यानं वाहवा साडूनंच केली. पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यार्थी भेटला. पवनचक्क्या कागदावरच राहिल्याचं सांगता सांगता तो म्हणाला, "सर, मी दोघांची नावं घालणार होतो. पण तेच म्हणाले, मास्तरचं एकट्याचं घाला, त्यांला सासरी दाखवायला व्हईल."

म्हणजे माझा हेवा त्याला पहिल्यापासून ठाऊक होता. मी घरी येऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

आता काचबिंदूनं त्याची दृष्टी गेली आहे. मध्यंतरी केंदूरला गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी म्हणालो, "बगळे चाललेत." त्याचा हात आपसूक उजव्या खिशाकडे गेला.

"किती हायेत?"

मी नीट मोजले. "चाळीस."

त्यानं दोन दाणे डाव्या खिशात टाकले आणि विचारलं, "सकाळी किती हुते?"

मी तर दुपारच्या एसटीनं आलो होतो. आता केंदूरला जायचं तर मी आदल्या दिवशीच मुक्कामाला जातो.